विद्येवर व्याज

मुंबईच्या दक्षिण टोकास, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशीं, मच्छीमार नगर ही कोळी बांधवांची वस्ती आहे. जून महिना लागला कीं तेथील होड्या किनाऱ्यास ओढल्या जातात. मासळीच्या विणीचा हा काळ. म्हणून जून व जुलै हे दोन महिने सरकारनें यांत्रिक होड्यांना दर्या बंद केला आहे, व तें योग्यच केलें आहे. ह्या दिवसांत नाखवा जाळीं सांधतो, खलाशी आपापल्या गांवीं जातात आणि कोळणीच्या पाटींत ताज्या म्हावऱ्याऐवजीं सुकी मासळी दिसते. घरांत पैसा येत नाहीं. आणि नेमक्या ह्याच दिवसांत बारावी झालेल्या पोराचा कॉलेजप्रवेश येतो. यादींत नांव लागलें म्हणून आई देवापुढें साखर ठेवते, तोंच इतक्या दिवसांच्या आंत इतकी रक्कम भरा, नाहींतर जागा गेली, असा निरोप येतो.

शेतकरी वाचकांस हें चित्र नवें नाहीं. त्यांच्याहि दारीं मृगाच्या पावसाबरोबर बियाणें, खत आणि मुलाची फी हीं तिन्ही एकदमच उभीं राहतात. नाखवा व शेतकरी ह्या दोघांचा हात ज्या महिन्यांत रिकामा, तोच महिना विद्येच्या वसुलीचा ठरला आहे. अशा वेळीं पूर्वीं दारांत सावकार उभा राही. आज त्याच्या जागीं बँकेच्या शिक्षणकर्जाचा कागद आला आहे. त्या कागदाविषयीं आज आम्हांस आमच्या वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. बँकेस शिव्या देण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. २००१ सालीं बँकांच्या संघानें शिक्षणकर्जाची एक आदर्श योजना आंखली. आज साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास सर्वसाधारणपणें तारण मागत नाहींत, आणि शिक्षण संपून आणखी एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाहीं. दागिने गहाण घेऊन रुपयाला दोन आणे कापणाऱ्या सावकाराच्या मानानें हें पुष्कळ बरें. आमची तक्रार निराळी आहे. ह्या कर्जास मदत म्हणण्यांत येतें, सवलत म्हणण्यांत येतें, गरिबांना उघडलेलें विद्येचें दार म्हणण्यांत येतें. आम्ही म्हणतों, कर्जास कर्ज म्हणा. शिष्यवृत्ति ती शिष्यवृत्ति, आणि ऋण तें ऋण. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे सरकारची जबाबदारी हळूच कोळ्याच्या व कुणब्याच्या खांद्यावर येऊन बसते, आणि बसली हें त्याला कळतसुद्धां नाहीं.

एका घरचा हिशेब मांडून पाहूं. समजा, मुलगा चार वर्षांच्या अभ्यासक्रमास गेला, दरसाल दीड लाख रुपये कर्ज काढलें आणि व्याज शेंकडा दहा. हातांत आले सहा लाख. हप्ता सुरू झाला नाहीं म्हणून व्याज थांबलेलें असतें असें पुष्कळ पालक समजतात. तें तसें नाहीं. पहिल्या वर्षाच्या दीड लाखावर पांच वर्षें, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षें व्याज चढत असतें. सरळव्याजानें तें २ लाख १० हजार होतें, तें मुद्दलांत मिळतें, आणि पहिला हप्ता भरण्याच्या आधींच देणें ८ लाख १० हजारांचें झालेलें असतें. हें दहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें १० हजार ७०० रुपये. एकूण भरणा सुमारें १२ लाख ८५ हजार. हप्ता जड म्हणून मुदत पंधरा वर्षें घेतली तर दरमहा सुमारें ८ हजार ७०० आणि एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या वर. नवी नोकरी, मुंबईचें भाडें, आईबापांचें म्हातारपण, आणि त्यांत हा हप्ता! पंधरा वर्षें म्हणजे त्या मुलाचें स्वतःचें पोर शाळेंत जाऊं लागेपर्यंत बापाची फी फिटत राहणार.

शिवाय हें कर्ज एकट्या मुलाचें नसतें. बहुतेक ठिकाणीं आई किंवा बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. मुलास नोकरी लागली नाहीं, किंवा अर्ध्या पगाराची लागली, कीं थकबाकी बापाच्याहि नांवावर चढते. होडीचें इंजिन घेण्यास, जाळीं घेण्यास, किंवा २०१८-१९ पासून मच्छीमारांसहि मिळूं लागलेल्या किसान क्रेडिट कार्डासाठीं तो बँकेंत गेला, कीं सिबिलचा आंकडा त्याच्या आडवा येतो. मुलाच्या विद्येसाठीं केलेल्या सहीनें बापाचा धंदा अडतो. कर्ज साडेसात लाखांच्या पुढें गेलें तर तारण हवें. मुंबईंतील कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षें लोंबकळत आहे. पिढ्या न् पिढ्या ज्या घरांत राहिलों त्याचा कागद नांवावर नाहीं, असें सांगणारीं कुटुंबें थोडीं नाहींत. ज्याच्यापाशीं फ्लॅट आहे त्याला मोठें कर्ज सुलभ, आणि ज्याच्यापाशीं फक्त होडी आहे त्यानें दुसरा दरवाजा पाहावा, हाच ह्या व्यवहाराचा अर्थ होतो.

आतां कोणी म्हणेल, शिकणाऱ्याचा फायदा होतो, तर शिकणाऱ्यानेंच पैसे द्यावेत; फुकट कां? ह्या प्रश्नास जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालींच उत्तर देऊन ठेविलें आहे. हंटर कमिशनपुढें केलेल्या निवेदनांत त्यांनीं दाखवून दिलें कीं सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरांत पडतो. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, तशांतली ही गोष्ट. मच्छीमार नगरांत उभें राहून चोहोंकडे पाहा, म्हणजे हें आजहि डोळ्यांस दिसेल. कफ परेडचे मनोरे ज्या जमिनीवर उभे आहेत ती एके काळीं बॅकबेचा समुद्र होती. तो भरावानें बुजविला, तेथें जमीन झाली, त्या जमिनीचें सोनें झालें. कोळ्याचा दर्या आंखडला आणि शहर श्रीमंत झालें. मंत्रालय, स्टेट बँकेची मुख्य कचेरी, रिझर्व्ह बँक, १८५७ सालचें मुंबई विद्यापीठ हें सारें ह्या वस्तीपासून हाकेच्या टप्प्यांत आहे. ज्यानें आपला दर्या दिला त्यानें विद्येचें शुल्क आगाऊच भरलें आहे. त्याच्या नातवाकडून तें पुन्हा व्याजासकट मागणें हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

आमच्या थोरांनीं गरिबांच्या मुलांस शिकविलें तें कसें, हेंहि आठवून पाहावें. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं, कारण फी माफ झाली तरी पोरानें राहावें कोठें आणि खावें काय, हा प्रश्न उरतो हें त्यांस ठाऊक होतें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहांतील मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मंत्र होता. 'कर्ज काढा आणि शिका' हा नव्हता.

आणि सर्वांत मोठें उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचें. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांस अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठासाठीं तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली. अट घातली ती परत येऊन दहा वर्षें संस्थानची चाकरी करण्याची. व्याजाची अट नव्हती. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत वडील रामजी सुभेदार वारले होते. परळच्या चाळींतला तो बापाविना तरुण आजच्या बँकेच्या टेबलापाशीं उभा राहिला असता, तर सहकर्जदार म्हणून कोणाची सही आणणार होता? तारण म्हणून काय ठेवणार होता? अर्ज परत आला असता, आणि देशाची घटना लिहिण्यास दुसरा कोणी शोधावा लागला असता. आजहि एखाद्या कोळीवाड्यांत, एखाद्या वाडीवस्तीवर, अशा तोलाची बुद्धि कोणाच्या तरी सहीवांचून अडून बसलेली नसेल, असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

येथें आमच्याच घरांतली एक कटु गोष्ट बोलणें प्राप्त आहे. महाराष्ट्रांत १९८३ सालापासून विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय कॉलेजें निघूं लागलीं. तीं काढणारांत बहुजन समाजांतले पुढारी पुष्कळ होते, आणि खेड्यापाड्यांत कॉलेज गेलें हा त्यांचा उपकार आम्ही नाकारीत नाहीं. पण लवकरच देणग्यांचा बाजार इतका माजला कीं १९८७ सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि शुल्कावर नजर ठेवण्यास २०१५ सालीं आणखी एक कायदा आला. पूर्वीं विद्येच्या दारावर जातीचा पहारा होता. आज तेथें पैशाचा पहारा आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं पहारेकरी आमच्यांतलाच आहे. दिवाणखान्यांत फुले, शाहू, आंबेडकरांच्या तसबिरी आणि कचेरीच्या खिडकीवर लाखांची पावती! भटाची मक्तेदारी गेली म्हणून आनंद मानणाऱ्यांनीं आपल्या भावाची मक्तेदारीहि त्याच तराजूंत तोलली पाहिजे. नाहींतर आमच्या चळवळीनें केलें काय? एक मालक जाऊन दुसरा आला, इतकेंच.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र खोटें होईल. घरचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असेल तर व्यावसायिक व तांत्रिक शिक्षणाच्या कर्जावरील, शिकत असतांनाचें व त्यापुढील एका वर्षाचें व्याज केंद्र सरकार सोसतें. ही योजना २००९ पासून आहे. वर मांडलेल्या हिशेबांत ह्यानें २ लाख १० हजार वांचतात. तरी मुद्दल व पुढचें व्याज उरतेंच. नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तींत निवडक दर्जेदार संस्थांतील मुलांस तारणावांचून, जामिनावांचून कर्ज मिळतें, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील दरसाल एक लाख विद्यार्थ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सूट आहे. पण अशा संस्था आरंभीं साऱ्या देशांत ८६० धरल्या. ज्या साध्या कॉलेजांत आमचीं बहुतेक मुलें जातात, तीं त्या यादीबाहेर राहतात.

महाराष्ट्र सरकारनें जुलै २०२४ मध्यें त्याहून चांगलें पाऊल टाकलें. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें. ह्याला आम्ही खरी मदत म्हणतों, कारण हिच्यावर व्याज नाहीं. मच्छीमार कोळी ही जात राज्याच्या विशेष मागास प्रवर्गांत आहे; ह्या प्रवर्गाच्या मुलामुलींसहि शुल्कमाफीची तरतूद आहे. पण ती सरकारी प्रवेशफेरींतून मिळालेल्या जागेस लागू. संस्थेच्या कोट्यांतून जागा घेतली कीं गेली. जातीचा दाखला आणि पडताळणीचें प्रमाणपत्र वेळेवर हातीं नसेल तरीहि गेली. आणि सरकारचा पैसा मागाहून येतो, तर खिडकीवरचा कारकून आधीं भरा म्हणतो, हें गाऱ्हाणें तर घरोघर ऐकूं येतें. मधल्या काळांत पुन्हा उसनवारी आलीच.

जगाकडे पाहिलें तरी वाट एकच आहे असें दिसत नाहीं. अमेरिकेंत विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्ज दीड लाख कोटि डॉलरांच्या पुढें गेलें, आणि त्याचा कांहीं भाग माफ करण्याची सरकारची योजना तेथील सर्वोच्च न्यायालयानें जून २०२३ मध्यें रद्द केली. ऑस्ट्रेलियानें १९८९ सालीं ठरविलें कीं मिळकत अमुक रकमेच्या वर गेल्यावरच, मिळकतीच्या प्रमाणांत, कर व्हावा तशी फेड घ्यावी. जर्मनींत मधल्या काळांत कांहीं प्रांतांनीं विद्यापीठांत फी बसविली होती. २०१४ पर्यंत ती सर्वांनीं काढून टाकली. आमच्याकडे कोठारी आयोगानें १९६६ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चावे असें सांगितलें, २०२० च्या नव्या धोरणानें तेंच पुन्हा लिहिलें, आणि ते सहा टक्के आजवर कधीं खर्चिले गेले नाहींत. तो खड्डा भरला जातो कोणाच्या पैशानें? २०२४ सालीं देशांतील बँकांच्या शिक्षणकर्जाची बाकी एक लाख कोटि रुपयांच्या वर होती. खड्डा अशा रीतीनें पालकांच्या सह्यांनीं भरला जात आहे.

म्हणून आमचीं मागणीं साधीं आहेत. शुल्कमाफीचा पैसा सरकारनें परस्पर कॉलेजास द्यावा; पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळीं एक पैसाहि आगाऊ घेऊं नये. सरकारी कॉलेजांच्या जागा वाढवाव्या, कारण ज्याला सरकारी जागा मिळते त्याला कर्जाची गरज सहसा पडत नाहीं. प्रत्येक खाजगी संस्थेनें मंजूर शुल्काचा तक्ता मराठींत दारावर लावावा. आणि कर्ज द्यावयाचेंच तर गरिबाच्या आईबापाची सही न घेतां द्यावें, व मुलगा ठराविक पगारास लागल्यावरच, पगाराच्या मानानें, फेड घ्यावी. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, तेव्हां सरकारास १८७९ चा कायदा करून रोख्याच्या पाठीमागची खरी हकीकत तपासण्याची मुभा कोर्टांस द्यावी लागली. आज कोणी कागद जाळावेत असें आम्ही म्हणत नाहीं. ऋणकऱ्याची खरी हकीकत पाहूनच वसुली व्हावी हें तत्त्व मात्र दीडशें वर्षांपूर्वीं मान्य झालेलें आहे, एवढी आठवण देतों.

आतां दोन शब्द घरच्यांस. मुलगी वा मुलगा दहावीस बसला कीं त्याच वर्षीं दाखल्याच्या व पडताळणीच्या मागें लागा. बारावीच्या निकालाची वाट पाहूं नका. आधीं शुल्कमाफी, मग शिष्यवृत्ति, आणि उरलेल्या रकमेपुरतेंच कर्ज, हा क्रम सोडूं नका. नियम वरचेवर बदलतात. तेव्हां इतर मागास बहुजन कल्याण खात्याच्या कचेरींत स्वतः जाऊन विचारा, दलालाच्या तोंडावर विसंबूं नका. सहीपूर्वीं बँकेच्या साहेबास चार प्रश्न विचारा: व्याज किती, तें केव्हांपासून, हप्ता किती, आणि शेवटीं एकंदर भरणा किती? उत्तर कागदावर लिहून मागा. शिकत असतांना महिन्याचें व्याज भरतां आलें तर भरत जा. तें मुद्दलांत मिळत नाहीं, आणि कांहीं बँका व्याजाच्या दरांतहि थोडी सूट देतात.

ऋण काढून सण करण्याची आमची जुनी खोड आहे. हळदीच्या रात्रीं बँड, मंडप आणि मेजवानी ह्यांवर होडीच्या अर्ध्या हंगामाची कमाई उडते. सत्यशोधकांनीं थोडक्यांत लग्न करण्याचा धडा घालून दिला तो कशासाठीं? तरी खरें तें बोललें पाहिजे. एका हळदीचा खर्च वांचवून चार वर्षांची फी भरत नाहीं, आणि गरिबाच्या उधळेपणाकडे बोट दाखवून सरकारास सुटतां येणार नाहीं. वांचलेला पैसा एकेकट्याच्या पेटींत राहिला तर थोडा; पण मच्छीमार सोसायटींत एकत्र ठेविला तर त्यांतून प्रवेशाच्या त्या आठ दिवसांची अडचण निश्चित भागेल. रयतेच्या वसतिगृहांस घरोघरच्या मूठभर धान्यानें आधार दिला. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून होड्या लोटतांना, हंगामाच्या पहिल्या लिलावांतून प्रत्येक होडीनें एक वाटा वस्तीच्या विद्याफंडांत टाकावा, आणि पुढील जूनमध्यें त्यांतून बिनव्याजी रक्कम द्यावी. सरकारचा पैसा आला कीं ती परत फंडांत जाईल. शेतकऱ्यांच्या सोसायट्यांस सुगींत हेंच करतां येईल.

हा फंड सरकारच्या कर्तव्याची जागा घेऊं शकत नाहीं, व घेऊंहि नये. पण मागणी करणाऱ्याच्या पाठीमागें संघटना आहे हें त्यानें दिसेल, आणि बंद दर्याच्या दिवसांत एखाद्या कोळणीस सही करण्यापूर्वीं विचार करण्यास आठ दिवसांची सवड मिळेल. तेवढी सवड मिळाली तरी पुष्कळ घरें वांचतील. पुढला जून येण्यास फार अवकाश नाहीं. मच्छीमार नगरानें आरंभ करावा, आम्ही त्याची हकीकत ह्याच पानावर छापूं.